अकरावी ओंजळ

त्रेतायुग नुकतेच लागले होते आणि धर्माचा एक पाय अधू झाल्याचे अजून राजांच्या ध्यानात आले नव्हते, त्या काळची ही कथा. हिमस्रवा नामक नदीच्या उत्तर तीरावर चंडकेतू राजा राज्य करीत होता आणि दक्षिण तीरावर तृणायन ऋषींचा आश्रम होता. भोवती नीवाराचे रानधान्य पिकत असे, हरिणे होमकुंडापर्यंत निर्भयपणे येत, आणि पहाटेच्या मंत्रघोषाने नदीचे पात्र भरून जाई. आश्रमात दहा वृद्ध तपस्वी राहत. सारे घरदार सोडून आलेले, मागे ना पुत्र ना पौत्र. अकरावी होती ऋषींची कन्या. तिला जन्म देऊन ऋषिपत्नी निवर्तली होती. कन्या नऊ दिवसांची होती आणि बाराव्या दिवशी तिचे नाव ठेवायचे होते.

चंडकेतूला मृगयेचे वेड होते. वाऱ्याच्या बाजूने गवत पेटवायचे, म्हणजे सावजे आपोआप समोर येतात, ही त्याची रीत. एके दिवशी तो नदी ओलांडून दक्षिण तीरावर शिकारीस आला. "महाराज, त्या दिशेला आश्रम आहे," असे सारथ्याने विनवले. "धूर दिसला की उठतील," एवढे बोलून राजा बाण निवडू लागला.

तपस्वी ध्यानस्थ होते, ते उठले नाहीत. ऋषी स्नानाहून धावत आले आणि जळत्या पर्णकुटीत दोन्ही हात घालून त्यांनी मुलीला बाहेर काढले. हात इतके पोळले होते की कुशीतले अंग ऊन आहे की गार, हेही त्यांना कळेना. तसेच ते राजापुढे जाऊन उभे राहिले.

"हे चंडकेतो," ऋषी म्हणाले, "माझी मुलगी गेली आणि ते माझ्या हातांना समजले नाही. तुझ्या वंशातल्या कोणाच्याही हातांना यापुढे काही समजू नये!"

धूर पाहून पैलतीराहून धावत आलेला राजपुत्र हेमकेतू ऋषींच्या पायांवर कोसळला. "भगवन्, मी तर आज शिकारीलाही आलो नव्हतो!" ऋषींनी त्याच्याकडे पाहिले आणि उःशाप दिला, "तुझ्या कुळातील कोणी याच तीरावर तर्पणास बसून जाळणाऱ्याचे आणि जळालेल्या अकरांचे नाव घेईल, त्या क्षणी शाप सरेल."

किती सोपे होते! एका सकाळचे काम. पण राजेलोकांना शाप सोसतो, नालस्ती सोसत नाही. चंडकेतू मेला तेव्हा हेमकेतूने त्याचे नाव वंशावळीतून खरवडून काढले, दक्षिण तीरावर जाण्यास बंदी घातली, आणि उःशापाची गोष्ट पोटातच ठेवून तोही एके दिवशी मेला. पुढे त्या घराण्यात तर्पणाला तीन नावे घेत, ती चंडकेतूला वगळून. केतुवंशाचे वीर घाव लागला तरी कळवळत नसत. भाटांनी त्याची कवने रचली. राण्यांचे काय झाले, ते भाटांनी गायले नाही.

हेमकेतूचा पुत्र पद्मकेतू, आणि त्याचा शीलकेतू. हा राजा न्यायी होता, मिताहारी होता, आणि आतून लाकडासारखा होता. त्याला कन्या झाली. तिचे नाव कुमुदा. तिला उचलताना तो हातांकडे पाहत राही, कारण ती निसटू लागली तरी ते त्याला कळले नसते.

आठव्या महिन्यात, प्रातःपूजेच्या वेळी, कुमुदेने निरांजनाची ज्योत मुठीत धरली. वास आला तेव्हा राणी चारुमतीने वळून पाहिले. मुलगी हसत होती.

"महाराज, ती रडली नाही," राणी म्हणाली. लेप लावून झाला तरी ती तेच म्हणत होती. "हात भाजला आणि ती रडली नाही हो."

"मीही रडत नसे," शीलकेतू म्हणाला. त्याला पुढे काय वाटायला हवे, तेच उमगेना.

कोपऱ्यातली म्हातारी दाई पुढे आली. "दक्षिण तीरावर एक ऋषी आहेत, राजा. तुमच्या घराण्याची वाट बघत बसलेत म्हणे. लहानपणी मी कारण विचारलं, तर थप्पड बसली होती. आता मला कोण मारणार?"

दुसऱ्या दिवशी राजा, राणी आणि कुमुदा नदी ओलांडून गेली. तिकडे अजूनही झाड उगवले नव्हते. काळ्या भूमीवर तृणायन बसले होते, गुडघ्यांवर दोन्ही तळहात उताणे ठेवून.

"तर्पणास कोणाची नावे घेतोस?" त्यांनी एवढेच विचारले.

"पिता पद्मकेतू, पितामह हेमकेतू, प्रपितामह रत्नकेतू."

"रत्नकेतू हा हेमकेतूचा आजा. मधला कुठे गेला?" आणि ऋषींनी सारे सांगितले: गवत, वारा, शाप, उःशाप.

शीलकेतूने ते शांतपणे ऐकून घेतले. मग कुमुदेची भाजलेली मूठ उलगडून ऋषींपुढे धरली. "भगवन्, आश्रम जळाला तेव्हा माझा पिताही जन्मला नव्हता. या बालिकेचा अपराध कोणता? चंडकेतूने ऋषिकन्या जाळली; या कन्येचा हात कोणी जाळला, चंडकेतूने की आपण?"

राणीने भीतीने डोळे मिटले. ऋषींनी त्या तळहाताकडे पाहिले.

"मी," ते म्हणाले. "हिचा अपराध नाही, तुझाही नाही. संतापात मी न जन्मलेल्यांना बांधले. वाटले होते, वर्षभरात कोणी येईल. तीन पिढ्या कोणी आले नाही आणि मीही उठून तुमच्या दाराशी आलो नाही. शाप परत घेण्याचे सामर्थ्य माझ्यात नाही, राजा. नाव घेण्याचे तुझ्यात आहे. आजवर तुला ठाऊक नव्हते. आता आहे."

"खुन्याला पाणी देऊ?"

"तो तुझा पणजा आहे. त्याला पाणी मिळावे, हे का मला आवडते?"

शीलकेतू नदीत उतरला. दक्षिणेकडे तोंड करून, जानवे उजव्या खांद्यावर घेऊन त्याने तीळ घेतले. "माझा प्रपितामह चंडकेतू, ज्याने हा आश्रम जाळला," तो मोठ्याने म्हणाला, आणि पाणी सोडले. मग ऋषी एकेक नाव सांगत गेले आणि तो ओंजळ सोडत गेला. दहा ओंजळी झाल्या. ऋषी थांबले.

"अकरावे?"

"नाव ठेवायचे राहिले," तृणायन म्हणाले. "नऊ दिवसांची होती." उःशाप देताना हे त्यांच्याही ध्यानात आले नव्हते. रागात माणूस, मग तो ऋषी का असेना, एवढे कुठे पाहतो?

अकरावे नाव नाही, म्हणजे शापाला अंत नाही, हे तिघांनाही कळून चुकले. शीलकेतूने मागे वळून राणीकडे पाहिले. राणीने होकारार्थी मान डोलावली.

"तृणायनांची कन्या कुमुदा," राजा म्हणाला, आणि अकरावी ओंजळ सोडली.

पाणी गार होते. ते गार आहे हे त्याला कळले, आणि गार म्हणजे काय हे ठाऊक नसल्याने तो दचकून मागे सरला. त्याच वेळी काठावर कुमुदेने किंकाळी फोडली. कालचा भाजलेला हात आज दुखू लागला होता. ती मूठ झाडत, श्वास कोंडून, लालबुंद होऊन रडत होती, आणि राणी तिला उगी न करता स्वतःच हुंदके देत होती. राजाने धावत येऊन बोट पुढे केले. तिने ते धरले, नख रुतेपर्यंत. त्याला ते दुखले.

तृणायनांनी आपले हात पुढे केले. "क्षणभर माझ्याकडे द्या," ते म्हणाले. रडती कुमुदा त्यांनी छातीशी धरली. "ऊन आहे," असे म्हणून ते रडू लागले.

तेव्हापासून हिमस्रवेच्या तीरावर पितरांचे तर्पण झाले की अकरा ओंजळी अधिक सोडतात, आणि शेवटची कुमुदेच्या नावाने. आपल्या कुळात ज्याची लाज वाटते, त्याचेही नाव तिथे मोठ्याने घेतात. आणि त्या तीरावर मूल रडू लागले, तर त्याला कोणी लगेच गप्प करीत नाही.