ठकूबाईचा सा

नदीच्या वळणावर माळसांगवी नावाचे गाव आहे. गावाबाहेर कवठाच्या झाडाखाली श्रीधुंडिनाथ महाराजांचा मठ होता. मठ म्हणजे काय, तर एक कुटी, गुरुपादुकांचा ओटा आणि समोर सारवलेले मोठे अंगण. महाराज फार बोलत नसत. बोलले, तर समोरच्याला आधी हसू येई आणि डोळ्यांत पाणी यायचे ते घरी गेल्यावर.

दर्शनाला येणाऱ्यांत ठकूबाई कासारीण होती. वय पंचावन्नच्या पुढे. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. डोक्यावर बांगड्यांचा हारा घेऊन पाच गावे हिंडायची. भक्ती अपार, पण गळा असा, की ती आरतीला उभी राहिली म्हणजे शेजारच्या बायका नकळत दोन पावले सरकत. बिचारीला ते कळत असे. म्हणून ती टाळ्या मोठ्याने वाजवी आणि शब्द मनातल्या मनात म्हणे.

एका गुरुवारी तिने धीर केला. "महाराज, मला एकतारी शिकायचीय."

बसलेली मंडळी फिसकन हसली. महाराज मात्र गंभीरपणे म्हणाले, "शीक की."

"पण या वयात हाताला वळण लागंल का?"

"बांगडी भरताना हात थरथरतो का तुझा?"

"छे!"

"मग लागेल."

"आधी शास्त्र शिकावं लागतं म्हणतात."

"बांगड्या भरायच्या आधी कुठली पोथी वाचली होतीस, ठके?"

"पोथी कसली! पाच-पन्नास मनगटं रगताळली, मग आलं." ठकूबाई जीभ चावून म्हणाली, "आणि महाराज, चुकलं तर पाप लागतं का?"

"पाप नाही लागत. शेजारी लागतात मागे," महाराज म्हणाले. त्यांनी आढ्याला टांगलेली जुनी एकतारी काढून तिच्या ओंजळीत ठेवली. "हिच्यात एकच सूर आहे, सा. रोज पहाटे तो ऐकायचा. वाजवायचं थोडं, ऐकायचं फार."

ठकूबाईने वर्षभर तेवढेच केले. खालच्या आळीत लोक म्हणत, "ठकूच्या घरात वर्षभर एकच भुंगा अडकलाय." तिला त्याचे काही नव्हते. एकतारी म्हणजे महाराजांचा प्रसाद! ती तिला रोज देवासारखी आंघोळ घाली, गंध लावी, फूल वाही.

त्याच गावात विसाजीबुवा गायनाचार्य राहत. विद्या खरी, पण अहंकार तिच्याहून दोन सप्तके वर. महाराजांच्या गुरूंच्या पुण्यतिथीला दरवर्षी बुवांचे पद होई. पद पुरे झाल्यावर नैवेद्य, नैवेद्यानंतर पंगत, आणि नैवेद्य माध्यान्ह टळायच्या आत व्हायलाच हवा, असा मठाचा दंडक होता. यंदा महाराजांनी निरोप धाडला, "ठकू एकतारी घेऊन तुमच्या मागे बसेल."

बुवा तडक मठात आले. तिथे ठकूबाई अंगण झाडत होती. सगळ्यांदेखत त्यांनी तिची परीक्षाच मांडली.

"काय गं, संगीत शिकतेस म्हणे? सूर किती?"

"एक," ठकूबाई म्हणाली. हशा पिकला.

"बरं, थाट किती?"

ठकूबाईने बुवांच्या जरीच्या शेल्याकडे, कानातल्या भिकबाळीकडे आदराने पाहिले. "थाट तर तुमचा एकट्याचाच दिसतोय बुवा. बाकी आम्ही सगळी अशीच."

आता हसू आवरेना, आणि हसण्याची दिशा बदललेली बुवांना कळली. ते लालबुंद झाले. "बसू दे हिला! पण तारेला बोट लावलं, तर मी पद अर्धं टाकून उठेन. पाचशे पानं उपाशी राहतील, ते पाप हिच्या माथी!"

ठकूबाईच्या हातातला खराटा गळून पडला.

पुण्यतिथीचा दिवस उजाडला. सणाचा दिवस म्हणून ठकूबाईने एकतारीला ऊन पाण्याने न्हाऊ घातले आणि फडक्याने तार पुसायला घेतली. वर्षभराच्या आंघोळींनी तार आतून गंजली होती. टण्‌कन आवाज झाला आणि तारेचे दोन तुकडे तिच्या मांडीवर पडले. नवी तार मिळायची ती तालुक्याला. ठकूबाई रडत मठात धावली. महाराज अंगणात पत्रावळी मांडत होते.

"महाराज, घात झाला! तार तुटली!"

"कान शाबूत आहेत ना?"

"हायेत."

"मग जा, बस आपल्या जागेवर."

ठकूबाईने उघडी पडलेली एकतारी पदराखाली झाकली आणि बुवांच्या मागे अंग चोरून बसली. मनात म्हणाली, एका अर्थी बरेच झाले. तारच नाही, तर बोट लागायची भीती नाही.

बुवांनी दोन्ही बाजूंना दोन शिष्य आणि दोन तंबोरे बसवले होते. ठकूबाईच्या एकतारीला सूर गाठताच येऊ नये म्हणून त्यांनी फर्मावले, "आज सूर चढा लावा. अजून चढा. अजून!" शिष्याने खुंटी पिळली, आणि तटातट दोन तारा तुटल्या. दुसरा शिष्य मदतीला म्हणून घाईने उठला, त्याचा पाय धोतराच्या सोग्यात अडकला आणि तो स्वतःच्याच तंबोऱ्यावर बसला. भोपळ्याची दोन शकले झाली.

"हरकत नाही!" बुवा गरजले. "मला टेकू लागत नाही."

त्यांनी पद सुरू केले. पहिले कडवे ठीक गेले. दुसऱ्याला सूर किंचित घसरला. तो सावरायला बुवा वर गेले, ते फारच वर गेले. खाली आले, तर मूळची जागा सापडेना. पखवाजवाला डोळ्यांनी खुणावू लागला, तसे बुवा अधिकच बावरले. अंधारात पायरी चुकावी तसा त्यांचा आवाज चाचपडू लागला. मठाबाहेर एका कुत्र्याने हेल काढला. सावली कवठाच्या बुंध्याशी आली होती. चुलींपाशी बायका हात जोडून वाट पाहत होत्या. पद पुरे होईना आणि टाकताही येईना. बुवांच्या कपाळावरून घाम ओघळला. ठकूबाईला त्यांची पाठ थरथरताना दिसली, आणि तिचा सगळा राग गेला. वाटले, अगं बाई, एवढा मोठा माणूस वाट चुकला!

तेवढ्यात पंगतीच्या टोकाकडून महाराजांचा आवाज आला, "ठके, बुवांना सा दे."

ठकूबाईला घाम फुटला. कशाने देऊ? पण महाराजांची आज्ञा! तिने पदराआडच एकतारी छातीशी धरली, डोळे मिटले आणि जिथे तार असायला हवी होती तिथे, रिकाम्या हवेत, बोट ओढले.

सूर उमटला! भरीव, निश्चल, तुपाच्या धारेसारखा अखंड. ठकूबाईने दचकून एक डोळा उघडला. तार नव्हतीच. तिने डोळा घट्ट मिटून घेतला आणि बोट चालू ठेवले. बुवांनी मान हलवली, श्वास घेतला, आणि त्यांचा गळा अलगद येऊन त्या सुरावर टेकला. मग मात्र पद असे रंगले, की पखवाजवाल्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. माध्यान्हीच्या ठोक्याला नैवेद्य झाला.

बुवा वळले. बोट लावले म्हणून ते आता रागावणार, असे ठकूबाईला वाटले. पण ते म्हणाले, "बाई, ही तार कुठली? असा सा मी जन्मात ऐकला नाही. दाखव बघू."

ठकूबाईने कसाबसा पदर बाजूला केला. बुवांनी एकतारी उलटी केली, सुलटी केली. दांडी होती, भोपळा होता, खुंटीला बोटभर गंजका तुकडा लोंबत होता. बुवांचा चेहरा पांढरा पडला. ते धावत महाराजांकडे गेले. महाराज पत्रावळीवर मीठ वाढत होते, आणि त्यांच्या उजव्या तर्जनीवर तारेचा ताजा, लालभडक वळ उठला होता!

"महाराज!" म्हणत बुवांनी जमिनीवर लोटांगण घातले.

"अहो, पानावर पडाल!" महाराज म्हणाले. "आणि माझ्या पाया कशाला पडता? मी नुसतं बोट दिलं. सूर तिने वर्षभर ऐकून ठेवला होता."

बुवा उठले. भर पंगतीत, जरीच्या शेल्यासकट, त्यांनी ठकूबाई कासारणीच्या पायांवर डोके ठेवले. ठकूबाईने लाजून पाय लुगड्यात ओढून घेतले. "अहो बुवा, हे काय! उठा, उठा."

"मावशी, मला तुमच्यासारखं ऐकायला शिकवाल?" बुवांनी हात जोडले. "सुरुवात कुठून करू?"

ठकूबाई म्हणाली, "आधी चार घास जेवून घ्या. तुमच्या पोटातला आवाज मला इथवर ऐकू येतोय."

पाचशे माणसे खळखळून हसली, आणि त्यांत सगळ्यांत मोठ्याने विसाजीबुवा हसले. सद्गुरू श्रीधुंडिनाथांनी तो सूर आम्हा सर्वांच्या कानी पाडावा, एवढेच त्यांच्या चरणी मागणे.