गांडुळे पाळणारा कुंभार

वेत्रवती नदीच्या खोऱ्यात सुधर्मपूर नावाचे नगर होते. तेथे अरिमर्दन राजाचे राज्य चालू होते, त्या काळी बोधिसत्त्व एका कुंभाराच्या कुळात जन्मला आणि हाताशी आल्यावर बापाचे चाक फिरवू लागला. त्याचे नाव भद्रिक. त्याच्या बायकोचे नाव सुयामा.

सुयामेची नवऱ्याविषयी तक्रार अशी एकच होती. तो दारू पीत नसे, फासे खेळत नसे, कधी हात उगारत नसे. पण त्याने घरात गांडुळे पाळली होती, आणि ही एक तक्रार सुयामेला सकाळी चूल पेटल्यापासून संध्याकाळी ती विझेपर्यंत पुरत असे.

त्याचे असे झाले. नगराच्या मागच्या बाजूला तट होता आणि तटाखाली खंदक. भाजीचे देठ, फळांच्या साली, सगळे काही बायका तटावरून खाली भिरकावीत. पावसाळ्यात खंदक भरला की ती घाण वाहत तळ्यात जाई. सारे नगर पाणी पिई ते त्याच तळ्याचे, आणि कुंभार माती आणीत तीही त्याच तळ्याच्या काठची. एका वर्षी भद्रिकाने माती तुडवायला घेतली, तर तिच्यात कुजक्या सालींचा लगदा निघाला. त्या खेपेला भट्टीतली निम्मी मडकी तडकली. इतर कुंभारांनी नशिबाला दोष दिला आणि माती लांबून आणायला सुरुवात केली. भद्रिक दोन दिवस खंदकाच्या काठाने फिरून आला. तिसऱ्या दिवशी त्याने उकिरड्यातल्या जुन्या शेणाखालून तांबडी, दोऱ्यासारखी बारीक गांडुळे ओंजळभर आणली. एका तडकलेल्या मडक्याच्या बुडाला भोके पाडली, आत खापऱ्यांचे तुकडे, वाळका पाला आणि जुने शेण असे थर लावले आणि त्यावर ती सोडली. आजपासून आपल्या घरचे काही तटाखाली जायचे नाही, असे त्याने सुयामेला सांगितले.

"अख्खं नगर टाकतंय," सुयामा म्हणाली. "आपल्या एका टोपलीने तळं स्वच्छ होणार आहे का?"

"नाही होणार. पण आपली टोपली तरी त्यात नसेल."

असल्या उत्तरावर सुयामेने टोपली त्याच्यापुढे आपटली आणि भांडी घासायला घेतली.

एका मडक्याची तीन झाली. मागच्या पडवीत ती एकावर एक चढली. मुंग्या येऊ नयेत म्हणून खाली पाण्याची परात आली, म्हणजे सुयामेची एक परात गेली. त्या मडक्यांच्या रीतीभाती नव्या सुनेलाही पाळाव्या लागत नाहीत इतक्या होत्या. लिंबाची साल टाकायची नाही, चिंच नाही, मीठ लागलेले नाही, तेलकट नाही. दुधीची साल चालते, पण बारीक चिरून. केळीची साल तर त्यांना फार आवडते. पाणी शिंपडायचे, पण इतकेच की मूठ वळली तर थेंब गळू नये. सुयामा शेजारणीला सांगत असे की माझी सासू जाऊन पाच वर्षे झाली, पण तिलासुद्धा इतके पथ्य नव्हते. शेजारीण गोधा, तेल्याची बायको, तोंडाला पदर लावून हसे आणि आपली टोपली तटावरून रिकामी करून घरी जाई.

एकदा सुयामेच्या भावाच्या घरची माणसे जेवायला यायची होती. घाईत तिने आंबट ताक नासलेले पाहून मडक्यात ओतले. पाने वाढून झाली आणि भावजयीने पहिला घास उचलला, तोच उंबरठ्यावरून गांडुळांची रांग स्वयंपाकघरात शिरली. आंबटाने त्यांना आत राहवेना, म्हणून सगळी बाहेर पडली होती. भावजय पानावरून उठली आणि तिच्यामागे सगळे उठले. केलेला स्वयंपाक तसाच राहिला. भद्रिक तेवढा खाली बसून ओल्या पानावर एकेक गांडूळ उचलून घेत होता. ताक कोणी ओतले हे त्याने विचारलेही नाही. चूक आपलीच, मडक्याला नीट झाकण घालायला हवे होते, एवढेच म्हणाला. तो एकदा जरी रागावला असता तर सुयामेला तिच्या वाट्याचे भांडण तरी मिळाले असते. तेही नाही.

त्यानंतरच्या ज्येष्ठात पाऊस लांबला. जमीन इतकी तापली की कुदळ मारली तर ठिणगी उडावी. अशा दिवसांत राजाच्या सरोवरांवरचा अधिकारी वल्लभक भद्रिकाच्या दारात येऊन उभा राहिला. राजाकडे शेजारच्या देशाचा राजपुत्र पाहुणा आला होता आणि त्याला गळ टाकून मासे धरण्याचा नाद होता. गळाला लावायला गांडूळ हवे, आणि हातभर खणले तरी कोठे एक मिळत नव्हते. वल्लभकाला या घरातल्या मडक्यांची बातमी लागली होती. त्याने तिन्ही मडकी मागितली. त्याच्या बदल्यात राजवाड्याच्या स्वयंपाकघराला लागणारे प्रत्येक भांडे यापुढे याच घरातून जाईल, आणि न्यायला राजवाड्याची गाडी येईल, असे त्याने सांगितले.

गाडी हा शब्द ऐकला आणि सुयामा दाराआडून पुढे आली. चाक नवऱ्याचे होते, पण मडकी बाजारात न्यायची ती तिने. सातआठ मडक्यांची उतरंड डोक्यावर घेऊन ती बारा वर्षे दोन कोसांवरच्या बाजाराला जात होती. तिची मान आता डावीकडे वळत नसे. डाव्या बाजूने कोणी हाक मारली तर तिला सगळे अंग फिरवावे लागे.

भद्रिकाने वल्लभकाला बसायला पाट दिला, पाणी दिले आणि हात जोडले.

"ज्यांनी माझ्या घरचं खाल्लं, ती माझ्या आश्रयाला आली," तो म्हणाला. "त्यांना गळाला लावायला मी देणार नाही. मला दुसरं काहीही सांगा."

वल्लभकाने पाणी तसेच ठेवले. किड्यांसाठी राजाला नाही म्हणणारा माणूस आपण प्रथमच पाहतो आहोत, असे म्हणून तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी सुयामा बाजारात गेली तेव्हा झाडाखालची तिची नेहमीची जागा दुसऱ्या कोणाला दिलेली होती. कोणाच्या हुकमाने, हे कोणी सांगेना. तिने भर उन्हात उभ्याने मडकी विकली आणि न विकलेली डोक्यावर घेऊन परत आली.

त्या दिवशी ती येऊन पडवीत बसली. भद्रिकाने गोणपाट भिजवून मडक्यांवर घातले, त्यांना गरम तर होत नाही ना हे हात घालून पाहिले. सुयामा मानेला तेल लावत ते पाहत होती.

सकाळी तो माती आणायला गेल्यावर तिने वरचे मडके उतरवले. तिन्ही एकदम नेणे शक्य नव्हते, पण एक पोहोचले की उरलेली न्यायला वल्लभकाची माणसे येतील, असा तिचा हिशेब होता. चुंबळ ठेवली, मडके डोक्यावर घेतले आणि ती सरोवराच्या वाटेला लागली. मडके वाटले त्याहून जड होते. बुडाच्या भोकांतून काळपट पाणी ठिबकत होते आणि कानामागून गळ्यात उतरत होते. ती नवऱ्याला, राजपुत्राला, माशांना आणि ज्याने गांडूळ निर्माण केले त्याला बोल लावत चालली होती.

अर्ध्या वाटेवर एक पाणपोई होती. तिथे तिने मडके सावलीत उतरवले. पोईवरच्या म्हातारीने तिच्या ओंजळीत पाणी ओतले. सुयामेने ते मडक्यावर शिंपडले. पुन्हा ओंजळ धरली, त्या पाण्याने चुंबळ भिजवली आणि मडक्याच्या तोंडावर नीट पसरली. मग आतला मूठभर पाला घेऊन मुठीत पिळून पाहिला, थेंब गळतो का ते. म्हातारी तिच्याकडे पाहत राहिली. स्वतः पाणी प्यायचे राहिले आहे, हे सुयामेच्या तेव्हा लक्षात आले.

ती खाली बसली. इतका संताप तिला ताक ओतल्या दिवशीही आला नव्हता, आणि तो कोणावर काढायचा हेही कळेना. तिने चुंबळ बाजूला करून मडक्यात पाहिले. चैत्रापासून आतापर्यंतचे तिच्या चुलीपाशी चिरलेले सगळे या मडक्यात गेले होते, कितीतरी टोपल्या, आणि आत चार बोटे काळी, भुसभुशीत माती होती. तिला रानातल्या मातीसारखा वास होता. गांडुळे ओलाव्याला धरून मधोमध गोळा झाली होती. त्यांच्यामध्ये मोहरीएवढी पिवळट अंडी होती, आणि केसासारखी पांढरी पिल्ले. मोठ्या गांडुळांना गळ लागणार हे तिने कालच मनाशी पक्के केले होते. पिल्लांचे काय होणार, हे तिने धरलेच नव्हते.

ती पाणी प्यायली, तिने मडके डोक्यावर घेतले आणि ती आल्या वाटेने परत फिरली.

भद्रिक दारात उभा होता. पडवीत दोनच मडकी पाहून त्याला सगळे समजले होते. सुयामेने मडके उतरवून त्याच्या पायाशी ठेवले.

"विकायला नेलं होतं. परत आणलंय. का, ते विचारू नका."

तो खाली वाकून गोणपाट भिजवायला लागला. तेव्हा मात्र सुयामेचा आवाज चढला.

"गांडुळांना ऊन लागू नये म्हणून तुम्ही दिवसातून तीनदा गोणपाट भिजवता. बारा वर्षं या डोक्यावरून मी मडकी नेतेय. माझ्या डोक्यावर कधी काय घातलंत?"

भद्रिकाच्या हातातले गोणपाट तसेच राहिले. पाणी त्याच्या पायांवर गळत होते. आपल्या आश्रयाला कोण कोण आले आहे हे आपण मोजले, आणि त्यात हिला धरले नाही, हे त्याला इतक्या वर्षांत प्रथमच दिसले.

"तू म्हणतेस ते खरं आहे," तो म्हणाला. "माझी दया पडवीपाशी संपली."

सुयामा आणखी बरेच बोलणार होती. पण तो ऐकतो आहे असे दिसल्यावर तिला रडू आले, आणि राहिलेले बोलणे राहून गेले. दुसऱ्या दिवसापासून मडकी भद्रिकाने स्वतः डोक्यावर घेतली. कुंभारवाड्यातले लोक हसले. पहिल्या खेपेला त्याने वाटेत तीन फोडली. चौथ्या खेपेनंतर त्याने गाढव घेतले, आणि हे बारा वर्षांपूर्वी का सुचले नाही, असे सुयामेने त्याला त्या वर्षी जवळजवळ रोज विचारले.

मग पाऊस आला, खंदक भरला आणि तळे नासले. नगरात मुले तापाने आजारी पडू लागली. गोधेची धाकटी मुलगी सात दिवस डोळे उघडीना. राजवैद्याने तळ्याचे पाणी तांब्यात घेऊन राजापुढे ठेवले. राजाने त्याचा वास घेतला आणि तटावरून कोणी काही टाकू नये अशी दवंडी पिटवली. पण टाकायचे कोठे, हे दवंडीत नव्हते. चार दिवसांत घराघरांतून असा वास सुटला की लोक अंगणात निजू लागले.

पाचव्या दिवशी गोधा सुयामेच्या दारात आली. मुलगी त्या दिवशी प्रथम पेज प्यायली होती. गोधेच्या हातात एक फुटके मडके होते. सुयामेने ते तिच्या हातून घेतले. तिने ओंजळभर गांडुळे मातीसकट मडक्यात घातली, थर कसे लावायचे ते दाखवले, आणि लिंबू, चिंच, मीठ, तेल घालायचे नाही असे दोनदा सांगितले. तिसऱ्या दिवशी गोधा धावत आली, की सगळी बाहेर निघाली आहेत. सुयामेने जाऊन पाहिले. तेल्याच्या घरची पेंड वर ओतलेली होती.

"तेलकट नाही म्हटलं होतं ना, बाई?"

"पेंड म्हणजे तेल कुठं? तेल तर आम्ही काढून घेतो."

सुयामेने कपाळावर हात मारला आणि खाली बसून ओल्या पानावर एकेक उचलायला लागली. त्या पावसाळ्यात ती गल्लीतल्या किती घरांत अशी बसली असेल, याला मोजदाद नाही. कोणी गांडुळांना भात घातला, कोणी त्यांना धूप दाखवला, एकीने तर त्यांना थंडी वाजेल म्हणून मडके चुलीजवळ ठेवले. सुयामा सगळ्यांवर करवादली आणि सगळ्यांकडे पुन्हा गेली. भद्रिक गाढवावरून घरोघरी तडकलेली मडकी पोहोचवत असे. दुसऱ्या वर्षी तळ्याचे पाणी निवळून तळ दिसू लागला आणि काठची माती पुन्हा चाकावर उभी राहू लागली.

राजाला हे कळले तेव्हा त्याने दोघांना बोलावून वर मागायला सांगितले. भद्रिकाने बायकोकडे पाहिले. सुयामेने मागितले ते इतकेच, की बाजाराच्या वाटेवर अर्ध्या अर्ध्या कोसावर छातीइतक्या उंचीचे दगडी ओटे बांधावेत, म्हणजे डोक्यावरचे ओझे बाईला कोणाच्या मदतीवाचून टेकवता येईल आणि पुन्हा उचलता येईल. राजाने ते बांधवले.

पुढे बुद्धत्व पावलेल्या शास्त्यांनी, म्हणजे गुरूंनी, ही कथा एका विहारात सांगितली. तेथे विशोका नावाची भिक्षुणी भोजनशाळेची व्यवस्था पाहत असे, आणि ती सदा कुरकुरते, अशी गाऱ्हाणी काही भिक्षूंनी आणली होती. कथा संपवून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा वल्लभक म्हणजे आज तुमच्यात बसलेला कपिल, दोनदा सांगितलेलेही विसरणारी गोधा म्हणजे हा तरुण सुभग, आणि सुयामा म्हणजे ही विशोका. भद्रिक कुंभार मी होतो. कुरकुरत का होईना, अर्ध्या वाटेवरून ती परत फिरली, आणि मला जे दिसत नव्हते ते तिने दाखवले. त्या जन्मी मी तिच्याकडून मैत्री शिकलो. जी दूरच्या जिवापर्यंत पोहोचते आणि घरातल्या माणसाला विसरत नाही, तिलाच मैत्री म्हणतात."

गाऱ्हाणे आणणारे भिक्षू उठले आणि भोजनशाळेतली भांडी घासायला गेले.