टिंबूचा दादा आणि चार भोकांचा व्हॉल्व्ह

मुंगळे होते दोन. एक मोठा, एक छोटा. मोठा तो दादा. छोटा तो टिंबू. दोघे राहायचे वाट्यांच्या कारखान्यात.

तिथे होती एक प्रेसबाई. लोखंडाची, जाडजूड. वर जायची, खाली यायची. धप्प. झाली वाटी.

एकदा दादाला साच्यात चिक्कीचा चुरा दिसला. दादा आत उतरला. तेवढ्यात प्रेसबाई खाली आली. धप्प. आणि तिथेच बसली.

दादा अडकला आत, कडेच्या फटीत. आतून आवाज आला. टक टक टक.

टिंबू म्हणाला, "प्रेसबाई, प्रेसबाई, वर जा. दादा बाहेर येईना."

"मी नाही जात. माझा व्हॉल्व्ह बिघडलाय. तोच तेलाला वाट दाखवतो. तेल इकडून आलं की मी वर. तिकडून आलं की मी खाली. गणपामामा नवा बसवील, तेव्हा जाईन."

तुरुतुरु तुरुतुरु. टिंबू गेला फिटर गणपामामाकडे.

"मामा, मामा, व्हॉल्व्ह बसवा.
प्रेस वर जाईना,
दादा बाहेर येईना."

"मी नाही बसवत. स्टोअरची सरूमावशी देईल, तेव्हा बसवीन."

तुरुतुरु तुरुतुरु. टिंबू गेला सरूमावशीकडे.

"मावशी, मावशी, व्हॉल्व्ह दे.
मामा व्हॉल्व्ह बसवीना,
प्रेस वर जाईना,
दादा बाहेर येईना."

मावशीने फळीवरून एक उचलला. "हा घे. तसाच दिसतो. चार भोकं, चार बोल्ट."

मामांनी बसवला. कर्र कर्र. बटण दाबलं. घुर्रर्र. प्रेसबाई वर गेली का? छे. होती त्याहून खाली बसली.

टक टक बारीक झाली. टक... टक...

मामा म्हणाले, "भोकं तीच, पण आतली वाट निराळी. दिसायला तसाच, कामाला भलताच."

मावशी म्हणाली, "मग आता मी नाही देत. जुन्या व्हॉल्व्हच्या पाटीवरचा नंबर सांग. पाटीवर बसलाय रंग. गेनूकाका खरवडतील, तेव्हा देईन."

तुरुतुरु तुरुतुरु. टिंबू गेला रंगारी गेनूकाकांकडे.

"काका, काका, रंग खरवडा.
मावशी व्हॉल्व्ह देईना,
मामा व्हॉल्व्ह बसवीना,
प्रेस वर जाईना,
दादा बाहेर येईना."

"मी नाही खरवडत. दसऱ्याला मशीन रंगवली. पूजा होती ना. मशीन हिरवी, नळ्या हिरव्या, पाटीसुद्धा हिरवी. काय झकास दिसते."

"काका, नंबर दिसत नाही."

"नंबराची कुठे पूजा होती? साहेब लिहून देतील, तेव्हा खरवडीन."

तुरुतुरु तुरुतुरु. टिंबू गेला साहेबांकडे.

साहेबांचं बिस्किट चहात पडलं होतं. साहेब चमच्याने शोधत होते.

"साहेब, साहेब, लिहून द्या.
काका रंग खरवडीना,
मावशी व्हॉल्व्ह देईना,
मामा व्हॉल्व्ह बसवीना,
प्रेस वर जाईना,
दादा बाहेर येईना."

"मी नाही लिहीत. बिस्किट सापडेल, तेव्हा लिहीन."

"साहेब, टक टक थांबत आली."

"अरे, मुंगळ्यांना काय तोटा? दुसरा दादा घे. तसाच दिसतो."

टिंबूने अंग आवळलं. इतकं आवळलं, की मुंगळा आहे की ठिपका, कळेना.

मग टिंबू टेबलावर चढला. साहेबांच्या बाहीत शिरला. कोपरापाशी थांबला.

कडकडून चावला.

"अगं आई गं. लिहितो बाबा, लिहितो."

साहेबांनी लिहिलं. सर्र सर्र.
काकांनी रंग खरवडला. खर खर.
हिरव्याखाली पाटी निघाली. पाटीवर नंबर निघाला.
मावशीने नंबराचा खोका शोधला. कुठे होता? तिच्याच जेवणाच्या डब्याखाली. रोज त्यावर डबा ठेवायची.
मामांनी भलता काढला, खरा बसवला. कर्र कर्र.
तेलाला वाट मिळाली. सुर्रर्र.
प्रेसबाई वर गेली. हळू, हळू, हळू.

साच्यात काहीच हललं नाही.

"दादा?"

काहीच नाही.

"ए दादा."

एक मिशी हलली. मग दुसरी. दादा उठला, लंगडत बाहेर आला. पाठीला चिक्कीचा चुरा.

"किती वेळ रे, टिंब्या?"

"मी नाही लावला. माणसांनी लावला."

दोघे घरी निघाले. दादा पुढे, टिंबू मागे. टिंबू इतका जवळून चालला, इतका जवळून, की दादाच्या पायात पाय अडकले.

"नीट चाल की, मुंगळ्या," दादा खेकसला.

टिंबूला ते फार फार आवडलं. त्याने पुन्हा पाय अडकवला.