काळोख्यांचा रुपया

तीनदा सांगून झालंय. तरी म्हणे लिहूनच द्या. कानानं ऐकलेलं यांना पुरत नाही. घ्या मग, आणि मध्ये विचारायचं नाही.

"पण तेवढा मळ राहिला तर बिघडलं कुठं, चाचा?"

नीळकंठ कासारानं असं विचारलं आणि भिंग खाली ठेवलं.

समोर नेवाशाचे दस्तगीरचाचा. जन्मभर प्रवरेचा गाळ चाळून जुनी नाणी काढलेला माणूस. नाणं स्वच्छ कसं करावं, हे शिकायला नीळकंठ तीन वर्षं त्यांच्या ओट्यावर येत होता. कासाराच्या घरी चिंच लावून भांडी लख्ख घासायची रीत. हाताची ती खोड मोडायलाच एक वर्ष गेलं. आता मात्र हात असा बसला होता, की तालुक्यात दुसरा नव्हता. आणि हे नीळकंठाला कुणी सांगावं लागत नव्हतं.

रुपया गुलाबराव काळोख्यांचा. चांदीचा, पणजोबांच्या वेळचा. नीळकंठानं तो दोन महिने गोड्या तेलात मुरवला, मग बाभळीच्या काट्यानं कण कण मळ उचलला. एक ओरखडा नाही. चांदीची जुनी सावळी कांती जशीच्या तशी.

फक्त वरच्या कडेला तिळाएवढा काळा मळ ठेवला होता. मुद्दाम.

त्याच्याखाली जोड होता. कधी काळी घरातल्या कुणा बाईनं तो रुपया कडी लावून गळ्यात घातलेला. कडी निघते, जोडाची खूण राहते. आणि काळोखे तर गावभर सांगत सुटले होते, की आपला रुपया टाकसाळीतून निघाला तसा कोरा आहे. परवा नगरला प्रदर्शनात मांडायचा होता.

चाचांनी रुपया बोटांवर फिरवला. मळापाशी बोट थांबलं...

"तुम्हीच शिकवलंत," नीळकंठ म्हणाला. "सगळं खरवडायचं नाही. थोडं नाण्याच्या अंगावर राहू द्यायचं."

"ते नाण्यासाठी. हे कुणासाठी ठेवलंस?"

...

नीळकंठ बरंच बोलला. जोड दिसला की काळोखे म्हणणार, यानंच नाणं बदललं. आणि नाणं बदलणारा असं एकदा नाव झालं, की पुन्हा कोण याच्या हातात रुपया देतंय? तीन वर्षांत कमावलं ते एका दुपारी जायचं.

चाचांनी काटा उचलून त्याच्यापुढं ठेवला. बाकी काही नाही.

अर्धा तास लागला. वैतागून एका झटक्यात उडवला असता तरी मळ निघाला असता. नीळकंठानं तसं केलं नाही. तोही त्यानं असा उचलला, की खालच्या जोडाची कडसुद्धा दुखावली नाही.

काळोखे आले. भिंग लावलं आणि तोंड सुटलं. हा आपला रुपयाच नव्हे म्हणाले. कासाराच्या पोरानं दुसराच गळ्यात मारला म्हणाले. चार गावांत सांगेन म्हणाले. रुपया मात्र खिशात घातला.

नीळकंठाचे कान तापले. मान खाली गेली नाही.

"तुमचाच आहे, काका. आणि याहून स्वच्छ कुणी करून दाखवावा."

काळोखे पायऱ्या उतरून गेले. ओट्यावर दोघंच उरले...

"आता हे माफी मागेपर्यंत माझ्याकडं कोण येतंय, चाचा?"

चाचा बसल्या जागी जरा सरकले. अर्धं गोणपाट मोकळं झालं. तीन वर्षांत त्या गोणपाटावर त्यांच्याशिवाय कुणी बसलं नव्हतं.

"ये, बस. माझी माफी मागायला पैठणचे भिकचंद सराफ यायचेत, एकेचाळीस वर्षं झाली. दोघं मिळून वाट बघू."