शेवटच्या स्प्रिंकलरखालची बैठक

“आणि आगीनं तुझा नकाशा वाचलाच न्हाई, तर?” खोत तात्यांनी विचारलं.

शार्दूल आठल्ये हसला. आठ महिने तात्यांच्या हाताखाली काढल्यावर असले प्रश्न त्याला पाठ झाले होते.

“तात्या, आग कुठंही लागू दे. तिच्या डोक्यावर जो स्प्रिंकलर असेल, त्याची काचेची नळी तापणार, फुटणार आणि तिथंच पाणी पडणार. बाकीचे गप्प राहणार. एकशे बारा पानांचं गणित आहे माझं.”

“एकशे बारा…”

“हो.”

“बरीच की.”

याला कौतुक म्हणावं की नाही, हे शार्दूलला ठरवता येईना. त्याने ते कौतुकात धरलं. तो स्वतःच्या बाबतीत नेहमीच उदार असे.

रंगराव खोत तात्या अग्निशमन दलातून निवृत्त झाले त्याला बारा वर्षं झाली होती. गुडघे गेले होते, कान मात्र शाबूत होते. गाव कापडाचं आणि शिवणकामाचं. सरकारी दाखला भिंतीवर लागला तरी तिथले कारखानदार तात्यांच्या तोंडून “बरं हाय” एवढे दोन शब्द ऐकल्याशिवाय नव्या मजल्यावर माणूस बसवत नसत. शार्दूलच्या कंपनीने त्याला तात्यांकडे शिकायला धाडलं होतं ते याचसाठी.

या इमारतीतलं स्प्रिंकलरचं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच्या एकट्याचं होतं. तिसऱ्या मजल्यावर सोमवारपासून दोनशे चाळीस बायका शिवणयंत्रांवर बसणार होत्या. आज शनिवार. तात्या “बरं हाय” म्हणाले, तर पुढच्या चार इमारती शार्दूलच्या, असं कंपनीच्या मालकांनी सांगून ठेवलं होतं. नाही म्हणाले, तर पुन्हा दुसऱ्यांचे नकाशे गिरवायचे.

तात्यांची परीक्षा अगदी साधी असे. तिला सगळे ‘बैठक’ म्हणत. ज्याने आराखडा काढला त्याने सगळ्यात लांबच्या स्प्रिंकलरखाली स्टूल टाकून तासभर बसायचं. पाईपात पाण्याचं पूर्ण प्रेशर ठेवायचं, अंगात चांगले कपडे घालायचे, डोक्यावर काही घ्यायचं नाही. जोड कच्चा असेल तर तासाभरात टिपकतोच. तात्या समोर बसून चहा पीत आणि काहीबाही विचारत.

या बैठकीने भल्याभल्यांना घाम फोडला होता. एक इंजिनियर स्टूल बोट बोट सरकवत तासाभरात थेट दाराबाहेर पोचला होता. दुसऱ्याने पूर्ण वेळ डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि चहा आला तोही प्रसाद समजून कपाळाला लावला.

शार्दूलची तऱ्हा वेगळी होती. त्याने सकाळीच मजल्याचा व्हॉल्व्ह बंद करून टाकला होता.

झालं होतं असं, की शेवटच्या स्प्रिंकलरच्या बरोबर वरचा जोड गुरुवारी दोनदा टिपकला. शार्दूलने स्वतः पाना घेऊन तो आवळला. शुक्रवारी परत एक थेंब. फिटर मेव्हणीच्या लग्नाला गेलेला, तो उद्या येणार. मग शार्दूलने जिन्याजवळचा व्हॉल्व्ह फिरवला आणि पाईपातलं पाणी सोडून दिलं. कोरडा पाईप टिपकत नाही, हे समजायला एकशे बारा पानं लागत नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची. तात्या गेले की संध्याकाळी उघडून टाकू, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. याला फसवणूक म्हणतात हे त्याला सुचलंच नाही. तो त्याला तात्पुरती व्यवस्था म्हणत होता.

तात्यांना त्याने लिफ्टने वर आणलं होतं.

“जिन्याचा त्रास नको तुम्हाला,” तो म्हणाला होता. गुडघ्यांपुरतं ते खरंही होतं.

“मग बसू का, तात्या?”

“बस की.”

सगळ्यात लांबच्या स्प्रिंकलरखाली ओळीतलं शेवटचं शिवणयंत्र होतं. ते सुगंधा घाटगेचं. सोमवारी कामाला लागायचं म्हणून ती आजच येऊन यंत्राला तेलपाणी करत होती. तिची खुर्ची हलवून तिथे स्टूल ठेवलं गेलं. तिने वर छताकडे पाहिलं आणि प्लॅस्टिकचा कागद उलगडला.

“साहेब, मशीन झाकून घेऊ?”

“काही गरज नाही, सुगंधाताई. एक थेंब पडणार नाही.”

इतकं खरं शार्दूल आयुष्यात क्वचितच बोलला होता.

सुगंधाने तरी यंत्र झाकलंच.

शार्दूल बसला. अंगात नवा कोरा क्रीम रंगाचा शर्ट. पायावर पाय टाकून त्याने मागच्या खांबाला पाठ टेकली. दहा मिनिटं गेली. त्याने मोबाईल काढला, क्रिकेटचा स्कोअर बघितला, परत ठेवला. वीस मिनिटं झाली. एक जांभईही देऊन झाली.

तात्यांनी चहा बशीत ओतला.

“भ्या वाटत न्हाई?”

“कशाला भ्यायचं, तात्या? आपल्या कामावर आपलाच विश्वास नसेल तर लोकांनी का ठेवावा?”

“…खरं हाय.”

तात्यांनी बशीतला चहा सावकाश संपवला. बशी पालथी घातली. मग गुडघ्यांवर हात रेटून उठले.

“अजून अर्धा तास बाकी आहे,” शार्दूल मोठ्या मनाने म्हणाला.

“तू बस.”

तात्या भिंतीकडे निघाले. त्या भिंतीवर, पाईपाच्या अगदी शेवटी, चाचणीचा एक छोटा नळ होता. तो उघडला की एक स्प्रिंकलर फुटल्यावर जेवढं पाणी येईल, तेवढं बाहेर येतं. खाली जोडलेल्या नळीतून ते मोरीत जातं.

शार्दूलचा वरचा पाय खाली आला.

“तात्या… तो नळ नंतर बघू.”

“का रं?”

“उगाच पाणी सांडेल.”

“पाण्याचाच नळ हाय न्हवं?”

“हो, पण बैठकीत तुम्ही तो कधी उघडत नाही.”

“न्हाई उघडत,” तात्या म्हणाले आणि त्यांनी नळ उघडला.

…

पाईपाने ढेकर दिली. मग आत कुठेतरी घुर्रर्र झालं. नळीच्या तोंडाशी दोन काळपट थेंब आले, क्षणभर लोंबकळले आणि मोरीत पडले.

बस्स.

तिघंही त्या नळीकडे बघत राहिले.

“पाणी गेलंय व्हय?” सुगंधाने विचारलं. “आमच्या गल्लीत बी चार दिसांनी येतंय.”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं शार्दूलला वाटलं. पण तिसऱ्या मजल्यावर धरणीही सोयीची नव्हती.

त्याने तीन कारणं मनात जुळवली. पंप, हवा, गाळ. तिन्ही शास्त्रशुद्ध होती. तात्या नळावर हात ठेवून उभे होते आणि काहीच विचारत नव्हते. विचारलं असतं तर त्याने तिन्ही सांगितली असती.

“व्हॉल्व्ह बंद आहे,” तो शेवटी म्हणाला. “सकाळी मीच केला. वरचा जोड टिपकतो… संध्याकाळी उघडणार होतो, तात्या. खरंच.”

तात्यांनी मान हलवली.

“मी नोकरीत हुतो तवा एक गोदाम जळलं. वर स्प्रिंकलर हुते. व्हॉल्व्ह बंद.”

तात्यांनी नळावरचा हात काढला.

“त्या माणसाला बी संध्याकाळीच उघडायचा हुता.”

“मग?”

“आगीच्या दोन वर्सं आदीच्या संध्याकाळी.”

सुगंधाच्या हातातली तेलाची कुपी तशीच राहिली होती. ती एकदा नळीकडे आणि एकदा शार्दूलकडे बघत होती.

“म्हंजे सोमवारी आमी हितं बसलो असतो, साहेब… आन् काय पेटलंच, तर वरनं काय बी आलं नसतं?”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती नुसतं समजून घेत होती. शार्दूलला आयुष्यात पहिल्यांदा मनापासून लाज वाटली, आणि ती तात्यांची नव्हती, या बाईची होती. तिचं नाव त्याला सकाळपर्यंत माहीत नव्हतं. नकाशात तिच्या जागी त्याने एक चौकोन काढला होता.

तो उठला, जिन्याकडे गेला. व्हॉल्व्हचं चाक फिरवता फिरवता त्याच्या तळव्याला फोड आला, तरी ते पूर्ण उघडेपर्यंत तो थांबला नाही. पाईप धडधडले. आधी नळीतून फुसफुस हवा आली, मग काळं, कुबट, महिनाभर खालच्या उभ्या पाईपात मुरलेलं पाणी मोरीत कोसळलं. पाईपातून पाणी वाहिलं की वाजणारी खालची घंटा खणखणू लागली. निदान घंटा तरी त्याच्या बाजूने बोलली.

तात्यांनी नळ बंद केला. घंटा थांबली.

शार्दूल परत आला. परीक्षा संपली होती हे त्याला ठाऊक होतं. त्याला कुणी बस म्हटलं नाही. तरी तो त्याच स्टुलावर जाऊन बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर, मान वर, नजर त्या जोडावर.

तात्याही आपल्या जागी बसले. त्यांनी घड्याळ बघितलं.

जोडाच्या खालच्या कडेला काहीतरी चमकलं. ते फुगलं, लांब झालं…

टप.

कॉलरवर काळा डाग.

शार्दूलने डोळे मिटले नाहीत. पुढचा थेंब खांद्यावर आला, त्यानंतरचा खिशावर. दर दोन-तीन मिनिटांनी एक. तळ्यात गळ टाकून बसलेल्या माणसासारखी त्याची समाधी लागली होती. सुगंधाला राहवेना. तिने यंत्रावरचा प्लॅस्टिकचा कागद काढून पुढे केला.

“घ्या, साहेब. अंगावर धरा.”

“नको, ताई. मशीन झाका तुमचं.”

“नवा हाय हो शर्ट.”

“असू दे.”

तिने शर्टाकडे जरा निरखून बघितलं.

“असली ठिपक्यांची छपाई आमाला बाहीर पैसे देऊन करून घ्यावी लागती,” ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावला.

तात्यांना ठसका लागला. तो चहाचा नव्हता, चहा केव्हाच संपला होता. शार्दूलही हसला, पण मान त्याने खाली केली नाही. शेवटी तात्यांनी घड्याळ खिशात टाकलं तेव्हा पूर्ण तास झाला होता, तोही नव्याने मोजलेला.

मग शार्दूलने तिथेच उभं राहून कंपनीच्या मालकांना फोन लावला.

“साहेब, सोमवारी मजला चालू करता येणार नाही… नाही, पंप ठीक आहे. एक जोड टिपकतोय, आणि मी व्हॉल्व्ह बंद करून तो लपवला… हो, मीच… तात्या शेजारीच आहेत… उद्या फिटर आला की जोड बदलतो. मंगळवारी पुन्हा बैठक, बुधवारी बायका बसतील… हो. कळलं… कळलं, साहेब.”

पलीकडचा आवाज इतका मोठा होता की सुगंधाने शहाणपणाने यंत्राला परत तेल घालायला घेतलं. चार इमारतींतल्या निदान दोन तरी त्या आवाजात वाहून गेल्या. उरलेल्या दोहोंचं काय, ते विचारायची शार्दूलला हिंमत झाली नाही.

त्याने फोन खिशात टाकला. खिसा ओला होता.

“तर बुधवारपतूर सुट्टी म्हणा की,” सुगंधा म्हणाली.

“भरपगारी,” तात्या म्हणाले. “कारखान्याच्या शेठला मी सांगतो.”

ती यंत्र झाकून, डबा उचलून निघून गेली. जाताना तिने छताकडे एकदा बघून घेतलं.

तात्या उठले. शार्दूलने त्यांना हात दिला. दोघं सावकाश लिफ्टकडे चालू लागले. अर्ध्या वाटेत शार्दूल थांबला.

“तात्या, एक विचारू?”

“इचार.”

“व्हॉल्व्ह बंद आहे हे तुम्हाला कळलं कधी? नळ उघडल्यावर?”

“त्याच्या आदी.”

“लिफ्टने आणलं तेव्हा संशय आला?”

“न्हाई. लिफ्ट बरी वाटली मला.”

“मग पाईपाचा आवाज? पाणी नसलेला पाईप वेगळा वाजतो म्हणतात.”

“मी कुठं वाजवला?”

शार्दूलने डोकं खाजवलं. बोटांना काळं लागलं.

“मग कधी, तात्या?”

तात्यांनी त्याच्या शर्टावरचे ठिपके वरपासून खालपर्यंत बघितले…

“तू निवांत बसलास, तवा.”