मागचं डावं दार

गाड्या आपसात बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. हेमंतरावांच्या अंगणात सतरा वर्षं वापरलेली एक छोटी सेडान उभी होती. थोडक्या पेट्रोलात घरादाराला फिरवून आणणारी. तिच्या शेजारी नवी गाडी आली आणि सेडान विकायचं ठरलं.

“आजीबाई, सुटलात एकदाच्या,” नवी म्हणाली.

“माझं काही नाही गं. पण हेमंताच्या आई दर संकष्टीला माझ्यातून देवळात जायच्या. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली, तरी येतात. मागचं डावं दार उघडून त्या बसेपर्यंत थांबायचं असतं. मी गेल्यावर त्या इथेच उभ्या राहतील.”

“म्हातारपणी भास होतात हो,” नवी हसली.

सेडान गेली. पुढच्या संकष्टीला संध्याकाळी हेमंतरावांनी नव्या गाडीची किल्ली फिरवली. तेवढ्यात मागच्या डाव्या हँडलवर कुणाचा तरी थंडगार हात टेकला. अंगणात तर कुणीच नव्हतं. नवीला सेडानचं बोलणं आठवलं. तिने दार उघडलं आणि ती थांबली.

सीट अलगद दबली. गाडीत ओल्या दुर्वांचा वास पसरला.

हेमंतरावांनी मागे पाहिलं नाही. “आई, नीट बसलीस ना?” एवढंच विचारलं.

दार हळूच लागलं. मग नवी गाडी खड्डे चुकवत, अगदी सावकाश देवळाकडे निघाली.