कोरी पाठ

“मग काय, पळून जाऊ?”

सुभानजी नाइकाने हे एवढ्या मोठ्याने विचारलं की लिंबावरची दोन पाखरं भुर्र उडाली. चाळीस भालाइतांचा नाईक तो. हळू बोलायची त्याला सवय कुठली!

लिंबाखालच्या चौथऱ्यावर मदारबाबा फकीर झोळीला ठिगळ लावत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“पळ असं मी कुठं म्हटलं? तू दुवा मागायला आलास. कशासाठी, एवढंच विचारलं.”

“चांगलं मरण यावं म्हणून.”

“आणि तुझ्यामागं गावाचं?”



दोनशे पेंढारी वरची तीन गावं लुटून निघाले होते. दुपारपर्यंत इथं पोचणार, अशी पक्की खबर होती. गावातल्या बायका, पोरं, म्हातारीकोतारी, सगळे मिळून तीनशे जीव नाइकाने पहाटेच माळाखालच्या घळीत नेऊन लपवले होते. घळीला तोंड एकच. त्या तोंडाशी चाळीस भाले रोवून उभं राहायचं, शेवटचा गडी पडेपर्यंत हटायचं नाही, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

“आमच्या घरात सात पिढ्या कुणाच्या पाठीवर ओरखडा नाही, बाबा.”

ही काही नुसती फुशारकी नव्हती. नाइकांच्या घरची रीतच होती तशी. लढाईहून आलेल्या पुरुषाने दारात अंगरखा उतरवायचा आणि घरातल्या वडील बाईने आधी पाठ बघायची. पाठ कोरी असली तर पंचारतीने ओवाळून घरात घ्यायचं. नसली तर दार लावून घ्यायचं. हल्ली हा मान भागाई आत्याचा होता. सख्ख्या भावाच्या पाठीवर काही दिसलं म्हणून या बाईने त्याला भर उन्हात उभा केला होता. ओल्या फडक्याने घासून बघितलं, तो चिखल निघाला, तेव्हा कुठे त्याला उंबरा ओलांडू दिला. आता बोला!

“कोरी पाठ...” बाबा पुटपुटले, आणि सुईने समोर दाखवलं. “ते बघ.”

बाबांची शेळी चरत चरत माळावर निघाली होती. एवढ्यात तिच्या पुढ्यात एक टिटवी उभी राहिली. मूठभर जीव, पण पंख असे पसरले, अशी किंचाळली, की शेळी दचकली, थबकली आणि मुकाट्याने बाजूने गेली. टिटवीच्या पायांशी खड्यांत खड्यांसारखीच चार अंडी होती.

“शाब्बास!” नाइकाने मांडीवर थाप मारली. “याला म्हणतात काळीज! जागची हलली नाही!”

ठिगळाचे चार टाके झाले, पाच झाले...

मग पलीकडच्या बोरीच्या जाळीतून एक कोल्हा निघाला. नाक जमिनीला, चाल सावकाश.

टिटवीने त्याला लांबूनच पाहिलं. ती गपचूप अंड्यांवरून उठली, वाकून वाकून भलतीकडेच पळाली आणि तिथे जाऊन एकदम कोसळली. एक पंख फरफटत, आक्रोश करत ती पुढे सरकू लागली. कोल्ह्याने उडी घेतली. ती चार हात पुढे. त्याने पुन्हा उडी घेतली. ती आणखी पुढे. असं करत दोघंही टेकाडाआड गेली.

“थू!” नाईक म्हणाला. “लेकरं उघड्यावर टाकून पळाली की हो! मघाशी उगाच शाब्बास म्हटलं.”

“नाईक, ती अंडी तुला कधी दिसली?”

“मघाशी. शेळी आली तेव्हा.”

“त्याआधी? तू घोडा बांधलास तो तिथंच, पाच हातांवर.”

“त्याआधी नव्हती दिसली.”

“मग तेव्हाच कशी दिसली?”

“ती तिथं पंख पसरून उभी राहिली, म्हणून तर...”

नाइकाची नजर माळाखालच्या घळीकडे गेली.

चाळीस भाले... घळीच्या तोंडाशी...

त्याच्या पाठीतून कळ गेली. आपण मरू, त्याचं काही नाही. पण आपल्या मढ्यांवरून घोडे पुढे जातील, ते थेट घळीतच. आपणच तर त्यांना वाट दाखवणार होतो!

“शेळीला वाट हवी असते,” बाबा दोरा तोडत म्हणाले. “कोल्ह्याला अंडी हवी असतात.”

टेकाडापलीकडून टिटवी उडाली. दोन्ही पंख धड. मोठा फेरा मारून, टिवटिव करत ती परत आली आणि अंड्यांवर बसली. कोल्हा काही आला नाही.

नाईक उठला. त्याने दुवा मागितली नाही. जाताना मात्र घोडा अंड्यांपासून लांबून काढला.

दुपारी पेंढारी माळावर चढले, तेव्हा त्यांना काय दिसलं? गावचा नाईक घोड्यावर वाकडा होऊन विव्हळतोय, दंडाला लालभडक फडकं आहे. चाळीस गडी सैरावैरा पळताहेत. तीन घोड्यांवर जड पेटारे लादलेत, वाटतं गावची लक्ष्मीच चाललीय. पेटाऱ्यांत धोंडे भरले होते, हे त्यांना कोण सांगणार?

“पळाला रे, नाईक पळाला!” दोनशे घोडे घळीकडे पाठ करून त्याच्यामागे सुटले.

नाइकाचं पागोटं पडलं. कुणीतरी ते भाल्यावर नाचवलं. मागून असा हशा पिकला की नाइकाच्या कानशिलांना आग लागली. वळावं, एकाचं तरी डोकं उडवावं, असं दहादा वाटलं त्याला. दहाही वेळा त्याने दात आवळले आणि आणखी मोठ्याने विव्हळला. एक भाला पाठ फाडून गेला. तेव्हाचं विव्हळणं मात्र खरं होतं.

तरीही तो वळला नाही.

गावचं जुनं तळं पुढे आलं. वैशाखात ते वरून खडखडीत दिसतं, भेगा पडतात. पण खाली कंबरभर गाळ असतो, हे गावच्या म्हशींनाही ठाऊक. नाईक आणि त्याचे गडी कडेच्या चिंचोळ्या बांधावरून निघून गेले. पेंढारी आडवे घुसले.

मग काय विचारता! पहिले पन्नास पोटापर्यंत रुतले, मागचे त्यांच्यावर आदळले. वाकडा झालेला नाईक घोड्यावर ताठ बसला. चाळीस भाले बांधावर ओळीने उभे राहिले.

“टाका हत्यारं!” तो असा गरजला की ते घळीपर्यंत ऐकू गेलं म्हणतात.

हत्यारं पडली. गावचा एकही माणूस गेला नाही. घळीतून तीनशेच्या तीनशे जीव बाहेर आले, आणि संध्याकाळी वेशीत हलगी कडाडायला लागली.

फक्त नाईक वेशीत नव्हता. तो अंगावर घोंगडी घेऊन लिंबाखाली आला होता.

बाबांनी जखम धुतली, हळद भरली. वार चांगला हातभर होता, खांद्यापासून कमरेकडे.

“घोंगडी पांघरूनच जातो,” नाईक म्हणाला. त्याचा आवाज आज पहिल्यांदाच हळू होता. “सात पिढ्यांत कुणी आणली नाही ती पाठीवरची जखम मी आणली. आत्या पाठ बघेल, बाबा. दार लावील.”

“भागाई घळीत होती?”

“होती.”

“कशी आहे?”

“आहे की! ताट घेऊन उभी आहे म्हणे वेशीत. माझ्या नावानं घसा फोडतेय.” त्याने घोंगडी आणखी घट्ट ओढली. “ह्या म्हातारीला वाचवलं त्याचा आनंद मावत नाही, आणि तिलाच तोंड दाखवायची लाज वाटते.”

बाबांनी घोंगडी उचलली, घडी केली आणि स्वतः तिच्यावर बसले.

“बाबा, द्या ती.”

“नाही.”

“मग उघडा कसा जाऊ?”

बाबा हसले. उठून त्यांनी नाइकाचे दोन्ही खांदे धरले, त्याला गरकन फिरवला आणि वेशीकडे पाठ करून उभा केला. हलगी जवळ येत होती. लोकच त्याला शोधत माळावर निघाले होते, आणि पुढे पंचारतीचे दिवे हलत होते...

“तोंड नको दाखवू,” बाबा म्हणाले. “असाच उलटा चालत जा. ओवाळायचं ते आधी दिसू दे.”